विहीणबाईंची पणजी

माझी नात अकरा वर्षांची होईपर्यंत मला विहीणबाईंचा फारसा हेवा वाटला नव्हता. त्यांच्या गुडघ्यांचा वाटायचा, एवढंच. माझ्याहून चार वर्षांनी मोठ्या असून त्या जिना दणादण चढतात आणि मी कठडा धरून. पण जेवताना घास खाली उतरू नये, असा हेवा मला पहिल्यांदा वाटला तो त्यांच्या पणजीवरून. ती बाई जाऊन शंभर वर्षं होत आली असतील.

लेकीचं घर आणि माझं घर, दोन्ही अमेरिकेतल्या वेस्ट विंडसरमध्येच, गाडीनं दहा मिनिटांवर. जावई अमेरिकन. त्याची आई, म्हणजे आमच्या विहीणबाई, पेनसिल्व्हेनियात एकट्या राहतात आणि रविवारी तासभर ड्राइव्ह करून जेवायला येतात. मीही एकटीच. हे जाऊन सहा वर्षं झाली. पुण्याहून संख्याशास्त्र शिकायला इथं आले, एका प्रयोगशाळेत आकड्यांच्या तक्त्यांवर सगळी नोकरी काढली, आणि आता रविवारची वाट बघते. मी वरण-भात आणि एखादी भाजी नेते, विहीणबाई सफरचंदाचा ‘पाय’, म्हणजे गोड पेस्ट्री, आणतात. आम्ही दोघी अर्थातच इंग्रजीत बोलतो, पण मला मागाहून आठवतं ते सगळं मराठीतच.

नातीला शाळेत फॅमिली ट्रीचं प्रोजेक्ट मिळालं आणि त्या रविवारी विहीणबाई पायबरोबर एक खोकं घेऊन आल्या. त्यातून त्यांनी एक जुना फोटो काढला. डोक्यावर मुकुट, अंगात घोळदार झगा, हनुवटी वर केलेली एक तरुण बाई.

"ही माझी पणजी," त्या म्हणाल्या. "इंग्लंडमध्ये फिरत्या नाटक मंडळीत होती. नायिका."

नातीनं चमचा खाली ठेवला. "लाइक, अ रिअल अ‍ॅक्ट्रेस?"

मग विहीणबाईंनी सगळं सांगितलं. पणजी कॉर्नवॉलमधल्या कोळ्यांच्या एका लहानशा गावात जन्मली. तिथून मंडळीबरोबर निघून गेली. तिचा मुलगा, म्हणजे विहीणबाईंचे आजोबा, तरुणपणी बोटीनं फिलाडेल्फियाला आले. येताना त्यांनी हा फोटो आणि मंडळीचं एक हँडबिल आणलं होतं. पणजीचा शोध त्या दहा वर्षं घेत होत्या. इंग्लंडमध्ये दर दहा वर्षांनी शिरगणती व्हायची. मोजणीच्या रात्री जो ज्या घरात झोपला असेल त्याची नोंद त्या घरात. नाव, वय, धंदा, जन्मगाव. ते कागद आता इंटरनेटवर बघता येतात. पण नाटकवाली माणसं सापडता सापडत नाहीत. आज या गावात, उद्या त्या गावात. नाव रंगभूमीवर एक, घरात दुसरं. वय तर विचारूच नका.

"पण मी तिला शोधणार," त्या म्हणाल्या, आणि नात त्यांच्या खुर्चीला खुर्ची चिकटवून बसली. तिच्या पानातला माझा वरण-भात निवत होता.

मग तिनं माझ्याकडे वळून विचारलं, "आजी, आपल्याकडे आहे का कुणी असं?"

माझ्याकडे एक होतं. म्हणजे एक वाक्य होतं. मी लहान असताना वडील एकदा म्हणाले होते, "माझे एक काका नाटक कंपनीत पळून गेले." आईनं लगेच विषय बदलला होता. आजोबांचा हा धाकटा भाऊ. त्याचं नावही मला ठाऊक नाही. घरात त्याचा फोटो नव्हता, कुणी त्याचं श्राद्ध करत नव्हतं. वडील पुन्हा कधी बोलले नाहीत आणि मी विचारलं नाही.

हे एवढं मी सांगायला हवं होतं. मी काय सांगितलं? मी सांगितलं की माझे चुलत आजोबा स्त्रीपार्टी होते, म्हणजे बायकांच्या भूमिका करणारे पुरुष नट. त्यांचा आवाज असा की पहाटेपर्यंत लोक उठायचे नाहीत. एका संस्थानच्या राजानं त्यांचं गाणं ऐकून राणीच्या पेटीतला जरीचा शालू भर दरबारात त्यांना पांघरला. शालूचा रंगसुद्धा सांगितला मी. अंजिरी.

लेक माझ्याकडे बघत राहिली. "आई, हे तू मला कधी सांगितलं नाहीस."

"तू कधी विचारलं नाहीस," मी म्हटलं.

नातीचे डोळे मोठे झाले होते. पण ते किती वेळ? तिनं पुढचा प्रश्न विचारला, "फोटो आहे?" मी नाही म्हटलं. "पेपर? एनीथिंग?" नाही. ती परत मुकुटवालीकडे वळली.

मला राग आला तो नातीचा नाही. विहीणबाईंचाही नाही, खरं तर. पण घरी येताना गाडीत मी मोठ्यानं म्हणाले, "मुकुट काय, कुणीही घालतं."

दुसऱ्याच दिवशी मी विहीणबाईंना फोन करून म्हटलं, "मी मदत करू का? आकडे, याद्या, हे माझंच काम होतं." त्या फार खूश झाल्या. हँडबिलाचा फोटो आणि तोपर्यंतची सगळी टिपणं त्यांनी मला पाठवली. मला वाटलेलं असं : पणजी त्यांची असेल, पण शोधून मी दिली, हे नातीला कळायला हवं.

रोज सकाळी चहा झाला की मी बसायची. विहीणबाई दहा वर्षं पणजीच्या नावामागे लागल्या होत्या. मी तो नाद सोडला. नाटक कंपनी म्हटली की तिचं बिऱ्हाड आलं. सगळी माणसं एका ठिकाणी उतरणार. त्यातलं एक सापडलं की बाकीची तिथंच असणार. हँडबिलावर एका विनोदी नटाचं आडनाव फार चमत्कारिक होतं. मी त्याला धरलं. त्या आडनावाच्या याद्या काढल्या, मोजणीच्या कागदांवरून यादी करणाऱ्यांनी ते किती तऱ्हांनी चुकीचं वाचलं असेल त्याचा अंदाज बांधला, आणि अकराव्या दिवशी लँकेशरमधल्या एका गिरणगावात, एका भाड्याच्या खोल्यांच्या घरात, तो मला सापडला.

पान उघडलं. तिरप्या, घाईच्या अक्षरात घरमालकीण, विधवा. मग भाडेकरू. तो विनोदी नट. त्याची बायको, नटी. एक वादक. आणि खाली एक बाई, वय सव्वीस. नाव पणजीचं, आडनाव माहेरचं. जन्मगाव तेच कोळ्यांचं गाव. तिच्याखाली एक वर्षाचा मुलगा. त्याचं नाव विहीणबाईंच्या आजोबांचं, आणि ते नाव असं की दुसऱ्या कुणाचं असणं कठीण.

मी ते नाव दोनदा वाचलं. कामाचा आनंद असतो ना, तसा तो पहिला क्षण होता, आणि तो खरा होता. मग माझी नजर धंद्याच्या रकान्यावर गेली. विनोदी नटाच्या बायकोसमोर 'नटी' लिहिलं होतं. पणजीसमोर लिहिलं होतं 'थिएट्रिकल ड्रेसर'.

नायिका नव्हे. नायिकेला कपडे चढवणारी. पडद्यामागे दोरे-सुया घेऊन बसणारी.

मी खुर्चीत मागे टेकले आणि मला बरं वाटलं. याला दुसरा शब्द नाही. उन्हातून आल्यावर गार पाणी प्यावं तसं बरं वाटलं. तेव्हाच मी फोन उचलून विहीणबाईंना एकटीला सांगायला हवं होतं. मी फोन उचलला नाही. मी रविवारची वाट बघितली. चार दिवस बघितली, आणि ते पान रंगीत छापून आणलं.

रविवारी जेवणं झाल्यावर मी ते टेबलावर ठेवलं. "सापडली," मी म्हटलं.

विहीणबाई उठून उभ्याच राहिल्या. जावयानं आईच्या खांद्यावर हात ठेवला. नात पानावर वाकली आणि बोट फिरवत वाचायला लागली. "दिस इज हर? आणि हा बेबी?" मग तिचं बोट रकान्यावर थांबलं. "ड्रेसर म्हणजे?"

 मीच सांगितलं. सावकाश, अगदी शिक्षिकेसारखं. "नटीला कपडे घालायला मदत करणारी बाई. मुकुटबिकुट तिच्या ताब्यात असणार. तोच घालून फोटो काढला असेल. ती नटी नव्हती, बाळा."

 विहीणबाईंनी पान हातात घेऊन पाहिलं, माझे आभार मानले, "खूप मेहनत घेतलीत तुम्ही," म्हणाल्या. मग मुकुटवालीचा फोटो लिफाफ्यात घातला. नेहमी पाच वाजता निघायच्या त्या तीनलाच निघाल्या. त्यांनी आणलेला पाय कुणी कापलासुद्धा नव्हता.

दार लागल्यावर लेक म्हणाली, "आई, हे तू त्यांना आधी फोनवर का नाही सांगितलंस?"

"सरप्राइज द्यायचं होतं."

नात जिन्यात बसली होती. तिथूनच म्हणाली, "तू स्माइल करत होतीस, आजी. दॅट वॉज मीन."

मुलं बघतात. मला वाटलं होतं मी चेहरा सरळ ठेवलाय.

पुढच्या रविवारी विहीणबाई आल्या नाहीत. सर्दी झाली म्हणाल्या. त्याच्या पुढच्याही रविवारी आल्या नाहीत. नात माझ्याशी बोलायची, पण शाळेतल्या शिक्षकांशी बोलावं तशी. वरण-भात सगळा संपवायची आणि ताट उचलून जायची. मला सरळ शिक्षा पत्करली असती, ही सभ्यता नको होती.

मंगळवारी सकाळी मी गाडी काढली. हायवेवर ड्राइव्ह करायला मला आवडत नाही. हे होते तोवर मी लांबचं कधी केलंच नव्हतं. डेलावेअर नदीवरचा पूल ओलांडताना मी रेडिओसुद्धा बंद केला. पोचले तेव्हा विहीणबाई अंगणात पानं गोळा करत होत्या. त्यांना सर्दी नव्हती.

त्यांनी मला स्वयंपाकघरात बसवलं. मी कोटही काढला नाही आणि बोलून टाकलं. "मी ते मुद्दाम केलं. मला तुमचा हेवा वाटला. तुमच्याकडे फोटो आहे, कागद आहेत, आणि नात तुमच्या खुर्चीला चिकटून बसते. मी चार दिवस ते पान ठेवून घेतलं होतं."

त्यांनी किटली गॅसवर ठेवली. मग म्हणाल्या, "मी चार वर्षं ठेवून घेतलं होतं."

मला कळलं नाही.

"ते पान मी चार वर्षांपूर्वीच पाहिलंय. तुमच्यासारखं हुशारीनं नाही, असंच अवचित हाती लागलं. ड्रेसर हा शब्द वाचला आणि कॉम्प्युटर बंद केला. माझ्या आईनं मला नायिका सांगितली होती. मी मुलाला नायिका सांगितली. तो लहान असताना एकटी वाढवला मी त्याला, आणि आमच्याकडे सांगण्यासारखं फार काही नव्हतं. फक्त ती मुकुटवाली होती. मला वाटलं, पुढच्या मोजणीत नाहीतर त्याच्या पुढच्या मोजणीत तिच्यासमोर 'नटी' लिहिलेलं मिळेल, मग हे पान कुणाला दाखवायची गरज नाही. म्हणून शोधत राहिले."

"मग मी मदत करते म्हटल्यावर हो का म्हणालात?"

"तुम्हाला ते दुसरं पान सापडेल असं वाटलं." त्या थोडं हसल्या. "तुम्ही आकड्यातल्या ना."

मग मला राहवलं नाही. मी शालूची गोष्ट सांगितली. राजा नाही, दरबार नाही, अंजिरी रंग नाही. चुलत आजोबांनी गायलं की पडदा ओढला, की कंपनीच्या भटारखान्यात भात शिजवला, मला काहीसुद्धा माहीत नाही. वडिलांचं एक वाक्य, बस्स.

विहीणबाईंनी कप खाली ठेवला. "तो शालू खोटा?"

"खोटा."

"त्या शालूवरून मला तीन रात्री झोप आली नाही," त्या म्हणाल्या. "मी म्हटलं, यांच्याकडे राजा आहे आणि माझ्याकडे ड्रेसर."

आम्ही दोघी हसलो, पण फार नाही. मला लाज वाटत होती, आणि त्यांनाही वाटत असावी. निघताना त्या गाडीपर्यंत आल्या आणि म्हणाल्या, "तिला आपण दोघींनी मिळून सांगू. आधी मी."

त्या रविवारी दोघींनी सांगितलं. नातीनं ग्रॅनीचं, म्हणजे विहीणबाईंचं, ऐकून घेतलं आणि तिला मिठी मारली. ड्रेसर असणं तिला वाईट वाटलंच नव्हतं. "शी हॅड अ बेबी अँड अ जॉब," ती म्हणाली. मग माझा नंबर लागला. शालू खोटा आहे हे ऐकल्यावर तिचा चेहरा पडला. "मी ते क्लासमध्ये सगळ्यांना सांगितलं, आजी." ती वर निघून गेली. ग्रॅनीनं खरं लपवलं ते तिनं माफ केलं. मी खोटं रचलं ते माफ करायला तिला वेळ लागला, आणि मला वाटतं, तिचंच बरोबर होतं.

आता तिला खरं काहीतरी द्यायला हवं होतं. मी नाशिकला चुलतभावाला फोन लावला. आमच्या घराण्यातलं कुणी गोदावरीवर विधीला गेलं की तिथले उपाध्ये आपल्या वहीत त्या माणसाच्या हातानं घरातल्यांची नावं लिहून घेत. पिढ्यानपिढ्यांच्या वह्या आहेत त्यांच्याकडे. म्हटलं, बघ ना दादा, आपल्या आजोबांच्या भावांची नावं असतील.

"कुठलं काय उकरतेस गं म्हातारपणी," दादा म्हणाला. पण गेला. पंधरा दिवसांनी त्यानं पानाचा फोटो पाठवला. मोडी अक्षर. उपाध्यांकडून वाचून घेतलं होतं. आजोबा त्यांच्या वडिलांचे विधी करायला गेले होते, आणि त्यांनी स्वतःच्या हातानं लिहिलं होतं : आम्ही बंधू तिघे. खाली तीन नावं. पळून गेलेला चौथा त्यात नव्हता.

"तिघेच होते की मग?" मी दादाला विचारलं.

"चार होते. माझ्या आईला माहीत होतं. नाव मात्र तिनंही कधी घेतलं नाही."

मी तो फोटो खूप वेळ बघत बसले. विहीणबाईंच्या पणजीच्या दारात एक अनोळखी कारकून आला. त्याला तिच्या घराण्याच्या अब्रूशी काही घेणंदेणं नव्हतं. रात्री इथं कोण झोपलं, काय काम करता, एवढं विचारून त्यानं लिहून घेतलं आणि पुढच्या दाराला गेला. माझ्या चुलत आजोबांच्या वेळी लेखणी सख्ख्या भावाच्या हातात होती. त्या कारकुनाचा मला इतका हेवा वाटला की मी फोन उलटा करून ठेवला.

प्रोजेक्टच्या दिवशी शाळेच्या हॉलमध्ये आम्ही दोघी आज्या नातीच्या बोर्डाजवळ उभ्या होतो. विहीणबाईंच्या बाजूला शिरगणतीचं पान, मुकुटवाली, खाली 'थिएट्रिकल ड्रेसर' असं ठळक अक्षरात. माझ्या बाजूला वहीच्या पानाचा फोटो, तीन नावं, आणि चौथी रिकामी चौकट. त्यात नातीनं इंग्रजीत लिहिलं होतं : आजीचे काका-आजोबा. नाटकात गेले. भावानं नाव लिहिलं नाही. बघायला येणारे ड्रेसरपाशी थांबायचे. कुणीतरी चौकटीबद्दल विचारायचं, तेव्हा नात मला पुढं करायची, "आस्क माय आजी." मी सांगायची, जेवढं माहीत आहे तेवढंच. मिनिटभरात संपायचं.

विहीणबाई आता बुधवारीही येतात. माझ्या टेबलाशी आम्ही दोघी पुढच्या मोजणीत पणजीला शोधत असतो. गेल्या बुधवारी ती सापडली. दुसरं गाव, दुसरं भाड्याचं घर, सोबत अकरा वर्षांचा मुलगा. मधे दहा वर्षं गेली होती, पण हिचं वय सहाच वर्षांनी वाढलं होतं. आणि धंद्याच्या रकान्यात स्वच्छ लिहिलेलं : 'नटी'.

विहीणबाई आधी ओरडल्या. मग चष्मा काढून पुन्हा वाचलं. मग म्हणाल्या, "वय खोटं सांगितलंय. म्हणजे हेही खोटं असेल का? त्या कारकुनाला फसवलं हिनं?"

"असेल," मी म्हटलं. "किंवा दहा वर्षांत पडद्यामागून पुढे आली असेल."

"आपल्याला कळणार नाही."

"नाही."

त्या हसायला लागल्या, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या आणि मला त्यांनी घट्ट धरलं. मी त्यांचं अभिनंदन केलं. मनापासून केलं असं लिहायला मला आवडलं असतं, पण निम्मंच मनापासून होतं. उरलेलं निम्मं त्या पानाकडे बघत होतं. हिनं खोटं सांगितलं तेही कुणीतरी लिहून ठेवलं.

विहीणबाई गेल्यावर मी दादाला मेसेज केला : आजोबांच्या आजोळची वही दुसऱ्या उपाध्यांकडे असेल, तीही बघ, चौथं नाव तिथं असेल. नाशिकला तेव्हा पहाट होत असेल. त्याचं उत्तर अजून आलेलं नाही.